भरली की पोचट

घोडेगाव,
रविवार, १४ एप्रिल २०२४

चि. आरतीस अनेक आशीर्वाद.

गेल्या बुधवारी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी नेहमीसारखा साडेसातला हॉस्पिटलात पोचलो. एसी लावला, सिटी स्कॅनचं मशीन सुरू केलं, ते गरम होईपर्यंत टेबल पुसून नवी चादर घातली आणि त्या मोठ्या चाकाला हात जोडले. एक्स-रे धरून तेवीस वर्षं झाली या कामाला. हात जोडल्याशिवाय एकही फोटो काढलेला नाही. तू सुट्टीत आमच्याकडे राहायला यायचीस तेव्हा याच गोष्टीला हसायचीस.

साडेआठला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाकडून जीप आली. चाळिशीचे एक गृहस्थ. हिरडा काढायला झाडावर चढले होते, फांदी मोडली आणि डाव्या कुशीवर पडले. या दिवसांत आपल्या डोंगरात असं होतंच. स्वतःच्या पायांनी चालत आत आले. सोबतच्यांवर चिडले होते, "उगं आणलं राव मला. हिरडा तसाच पडलाय तिथं." प्रेशर एकशे चौदा आणि सत्तर. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोटाचा सिटी सांगितला. शिरेतून औषध सोडून पद्धतीप्रमाणे दोन वेळा फोटो घेतले. दुपारी त्यांना पुण्याला हलवलं.

विचारायचं ते असं. पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने जी मोठी शीर पोटातलं रक्त वर हृदयाकडे नेते, ती एरवी भाताच्या भरलेल्या दाण्यासारखी गोलसर दिसते. यांची चपटी होती. पाखडताना सुपातून उडून जातो तसा पोचट दाणा. याचा काही अर्थ असतो का? तुझी आई फोनवर म्हणाली की तू आता रेडिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणून तुलाच विचारतो.

पेशंटचा फोटो मोबाइलवर पाठवणं मला पटत नाही. माणसाचं पोट म्हणजे त्याचं घर असतं. म्हणून त्या शिरेची नुसती कड बटरपेपरवर उतरवून पाठवतो आहे. नाव, गाव काही नाही. पत्राचं हसू येईल तुला. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही.

घाई नाही. फक्त माहितीसाठी विचारलं.

तुझा,
चांगदेवमामा


नागपूर,
२६ एप्रिल २०२४

ती. चांगदेवमामांस साष्टांग नमस्कार.

हॉस्टेलच्या बाईंनी तुमचं पत्र दोन बोटांत धरून आणलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" या वर्षात इथे आलेलं हे पहिलं पत्र म्हणे!

मामा, तुमचा पोचट दाणा मी आमच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. तुम्ही जे पाहिलंत त्याला मोठा अर्थ आहे. आपलं बरंचसं रक्त धमन्यांत नसतं, शिरांत असतं. शिरा म्हणजे शरीराची कोठी. आत कुठे रक्त वाहू लागलं की शरीर आधी ही कोठी रिती करतं, धमन्या आवळून धरतं आणि प्रेशर टिकवतं. काटक माणूस तर जवळपास एक तृतीयांश रक्त जाईपर्यंत प्रेशर पडू देत नाही. आपल्या डोंगरातली माणसं काटक, वर दुखतंय म्हणायची नाहीत. प्रेशरचं यंत्र फसतं, नाडीही कधीकधी फसवते, पण रिकामी झालेली मोठी शीर लपत नाही.

मोजायची रीत अशी. मूत्रपिंडांच्या शिरा जिथे तिला येऊन मिळतात तिथे आडवी रुंदी आणि उभी जाडी मोजायची. रुंदी जाडीच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर शंका घ्यायची. फक्त शंका हं. खूप तहानलेल्या माणसाचीही ती चपटी दिसू शकते. म्हणून सोबत पोटात रक्त साठलंय का तेही पाहायचं. तुमच्या चित्रातली मी पट्टीने मोजली. साडेचारपट आहे!

पण हे सगळं कशासाठी? बढतीची परीक्षा देताय का? मला वाटतं तुम्ही त्या सकाळी हे डॉक्टरांना सांगितलंत आणि आता पुस्तकातला आधार शोधताय. असली शीर बघून गप्प बसणारा माणूस तुम्ही नव्हेच. ते गृहस्थ आता कसे आहेत?

तुमची,
आरती


नागपूर,
३० जून २०२४

ती. मामांस नमस्कार.

दोन महिने झाले, तुमचं उत्तर नाही. आई म्हणाली तुम्ही घोडेगावाहून ओझरपर्यंत चालत जाऊन आलात, विघ्नहराला. नवस होता का विचारलं तर नाही म्हणालात. मामींनाही काही सांगत नाही म्हणे.

माझ्या पत्रात काही लागलं का तुम्हाला? मी पुष्कळदा न बघता बोलते. लिहा.

आरती


घोडेगाव,
रविवार, ७ जुलै २०२४

चि. आरतीस आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. तू जे लिहिलंस ते खरं नव्हतं, एवढंच.

त्यांचं नाव सावळेराम. नाव लिहितो, कारण आता ते पेशंट नाहीत. पुण्याला नेताना राजगुरुनगरच्या अलीकडे गाडीतच गेले. हे मी तुझ्यापासून लपवलं.

आणखी एक लपवलं. मी ती शीर त्याच सकाळी, फोटो पडद्यावर येताक्षणी पाहिली होती. सिटीवरच्या नऊ वर्षांत मी हजारो पोटं पाहिली आहेत. नाव माहीत नव्हतं, मोजायची रीत माहीत नव्हती. पण भरलेला आणि पोचट यातला फरक मला आईने सुपावर शिकवला आहे. मला कळलं होतं की या माणसाच्या आतलं काहीतरी रितं होत चाललंय.

मी उठलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेलो. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय चांगदेवभाऊ, रिपोर्ट आला?"

मी म्हणालो, "नाही. यायचाय."

आणि परत येऊन खुर्चीवर बसलो.

आमचे फोटो इंटरनेटवरून शहरात जातात, तिथले डॉक्टर पाहतात आणि लेखी रिपोर्ट पाठवतात. त्या दिवशी त्याला सव्वा तास लागला. फोटो काढणाऱ्याने फोटो काढायचा, बोलायचं नाही, ही आमच्या कामाची रीत. मी नवीन असताना माझे वरिष्ठ म्हणायचे, "चांगदेव, आपलं तोंड म्हणजे रविवारचं दुकान." मी ते मनापासून पाळलं. त्याला नम्रपणा समजत होतो.

सव्वा तास सावळेराम वॉर्डात बसून शेजारच्या पेशंटशी भातलावणीचं बोलत होते. रिपोर्ट आला: प्लीहा फाटलेली, पोटात रक्त. तेव्हाच प्रेशर कोसळलं. आमचे सर्जन डॉ. अमृत त्या दिवशी बाहेरगावी होते. मग धावाधाव, मग पुण्याची गाडी.

ओझरला गेलो, पण काही मागितलं नाही. नुसता उभा राहिलो. एक मनाशी ठरवलं आहे: त्यांच्या घरी जाऊन हे सांगायचं. दोनदा एसटी स्टँडपर्यंत गेलो. वरच्या गावांची गाडी लागते, सुटते. मी चहा पिऊन घरी येतो.

आता तुला माझ्याविषयी काय वाटेल ते वाटू दे.

चांगदेवमामा


नागपूर,
१५ जुलै २०२४

ती. मामा,

पत्र तीन वेळा वाचलं. मग वॉर्डात गेले, काम केलं, संध्याकाळी परत वाचलं.

तुम्ही बोलला असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. सर्जन नव्हते. वाचले नसते असंही म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं होईल. एवढं नक्की, की त्यांना तासभर मिळाला असता. तासाभरात गाडी पुण्याच्या बरीच जवळ असते.

मी लिहिलं होतं, असली शीर बघून गप्प बसणारा माणूस तुम्ही नव्हे. ते वाक्य मी मागे घेत नाही. ते तुम्ही खरं करायचं आहे.

कसं ते सांगते. तुमच्या मशीनमध्ये जुने अपघाताचे फोटो असतील. डॉक्टरांची परवानगी घ्या. प्रत्येकाची मोठी शीर मोजा, बटरपेपरवर उतरवा, आणि पुढे त्या माणसाचं काय झालं, रक्त किती द्यावं लागलं, ऑपरेशन झालं का, ते खाली लिहा. मग ती वही डॉ. अमृत यांच्यासमोर ठेवा. टेक्निशियन काय म्हणतो हे कदाचित ते ऐकणार नाहीत. वहीकडे मात्र बघावंच लागेल.

आणि त्या घरी जाण्याविषयी मी काही सांगत नाही. ते माझं शिक्षण नाही.

आरती


घोडेगाव,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

चि. आरतीस आशीर्वाद.

भात पिवळं पडू लागलं आहे. वही झाली. चौतीस माणसं. झाडावरून पडलेले, मोटारसायकलवाले, बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलाने उडवलेले दोघे. गणपतीनंतर डॉ. अमृत यांच्यासमोर ठेवली. ते माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. फटकळ, पण हात चांगला.

त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "हे पोचट म्हणजे काय लिहिलंय?"

मी सांगितलं.

"चांगदेवभाऊ, तुमचं मशीन पेशंटला काय सांगतं? श्वास घ्या, रोखून धरा. बरोबर? जोरात श्वास ओढला की ही शीर चांगल्या माणसाचीही चपटी होते. मग मी काय करू? ज्याची चपटी दिसली त्याचं पोट फाडत सुटू?"

मी म्हणालो, "नाही सर."

"मग?"

"बघतो सर."

"बघा. वही चांगली आहे. पण अजून वहीच आहे."

राग आला होता मला. पण दुसऱ्या दिवशी कळलं की ते बरोबर बोलले. हे नवं मशीन आल्यापासून तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं. आमच्या मशीनमधून एक बाई हिंदीत बोलते, "साँस लीजिए, रोकिए." वरच्या गावचे एक आजोबा मुतखड्यासाठी आले होते. फोटो झाल्यावर त्यांचा चेहरा लाल झालेला. विचारलं, "बाबा, काय केलंत?"

ते म्हणाले, "दम धर म्हनली ना ती बाई? मंग भारा उचलताना धरतो तसा धरला."

आरती, आपली माणसं दम धरायचा म्हटलं की गवताचा भारा डोक्यावर घेताना धरतात तसाच धरतात! पोट आवळून, दात आवळून. त्यांच्या शिरेचं माप घेऊन काय कळणार? ती कधी चपटी दिसते, कधी फुगलेली. माझी अर्धी वही खोटी होती.

मी त्या बाईचा आवाज बंद केला. अपघाताच्या पेशंटला आता मीच सांगतो, "उगी पडून ऱ्हावा. झोपेत घेता तसा श्वास घ्या. काही धरायचं न्हाई." आणि एकदा पाहून मोजत नाही. पहिल्या फेरीत मोजतो, आणि मिनिटभराने दुसरी फेरी होते तेव्हा पुन्हा. श्वासामुळे चपटी झालेली दुसऱ्या वेळी बहुधा भरते. खरी रिकामी असेल ती दोन्ही वेळा रिकामीच राहते. जुन्या चौतीसमधले, ज्यांची दोन फेऱ्यांतली मापं जुळत नव्हती असे एकोणीस खोडून टाकले. उरलेल्या पंधरांत ज्या सहा जणांची दोन्ही वेळा पोचट होती, त्या सहाही जणांना रक्त चढवावं लागलं होतं. चौघांचं ऑपरेशन झालं होतं.

बरोबर आहे का हे? की पुन्हा काही राहिलं?

वरच्या गावी अजून गेलो नाही.

चांगदेवमामा


नागपूर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

बरोबर आहे! आमच्या सरांना तुमच्या भाऱ्याची गोष्ट सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. आपल्याकडचे पेशंट कसा श्वास धरतात हे मी कधी विचारलंच नाही."

पंधरा ही छोटी संख्या आहे, तिच्यावरून नियम सिद्ध होत नाही. पण दोन्ही फेऱ्यांत रिकामी राहिलेली शीर महत्त्वाची असते, हे जाणत्या लोकांनीही म्हटलेलं आहे. सोबत दोन गोष्टी बघत जा: यकृताच्या, प्लीहेच्या भोवती आणि ओटीपोटात रक्त आहे का, आणि ते कुठे जास्त उजळ दिसतं. गोठलेलं रक्त उजळ दिसतं आणि जखमेच्या जवळ असतं.

खोडलेली एकोणीस पानंही डॉ. अमृत यांना दाखवा. माझ्या मते तीच जास्त कामाला येतील.

आणि पुढच्या वेळी तशी शीर दिसली तर मला पत्र लिहीत बसू नका.

तुमची,
आरती


घोडेगाव,
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. आरती,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

मंगळवारची गोष्ट. सकाळी सव्वानऊला वरच्या गावातून एक बाई आली, वय पंचावन्नच्या आसपास. सोबत सून. पुन्हा हिरडा, पुन्हा फांदी, पुन्हा डावी कूस. बाई बोलकी. मशीन पाहून म्हणाली, "एवढी मोठी कणगी! माझ्या घरात असती तर सगळ्या वावराचं भात मावलं असतं."

सून म्हणाली, "आत्याबाय, गप ऱ्हावा की जरा."

"तू पडली का मी पडली? मंग मी बोलंन."

प्रेशर एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, स्कॅन करा आणि वॉर्डात न्या, रिपोर्ट आल्यावर बघू. मी तिला टेबलावर घेतलं. म्हणालो, "मावशी, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटेल, भिऊ नका. उगी पडून ऱ्हावा. भारा उचलायचा न्हाई."

"तुमाला काय ठावं मी भारा उचलती ते?"

पहिली फेरी. पडद्यावर शीर आली. पोचट. मिनिटभराने दुसरी फेरी. पोचट. मोजली. रुंदी एकवीस मिलिमीटर, जाडी पाच. प्लीहेभोवती उजळ पट्टा, ओटीपोटात खाली साचलेलं.

बाहेर डॉ. अमृत यांची गाडी चालू झालेली ऐकू येत होती. मंगळवारी ते जुन्नरला पेशंट बघायला जातात. मला त्या क्षणी देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. मी फोन उचलला.

"सर, चांगदेव बोलतोय. रिपोर्ट आलेला नाही. पण तुम्ही निघू नका."

गाडीचा आवाज बंद झाला. "भरली की पोचट?"

"पोचट, सर. दोन्ही वेळा. चारपटीहून जास्त."

"श्वास?"

"मी स्वतः सांगितला. उगी पडली होती."

"पोटात?"

"प्लीहेपाशी आणि खाली. बरंच आहे."

ते म्हणाले, "टेबलावरून हलवू नका. मी आलो."

ते धावत आले. पडदा पाहिला. बाईच्या पोटावर हात ठेवला. ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचा हात लई गार हाय." ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "सर, प्रेशर तर चांगलं आहे."

डॉ. अमृत म्हणाले, "प्रेशरला अजून कळलेलं नाही. चांगदेवभाऊंना कळलंय. रक्त मागवा, थिएटर उघडा."

पंचवीस मिनिटांत बाई थिएटरमध्ये. भूल द्यायच्या आधीच प्रेशर सत्तरवर आलं, पण तोवर रक्ताची पिशवी लागलेली होती, हात धुतलेले होते, माणसं जागेवर होती. पोटातून दोन लिटरच्या आसपास रक्त निघालं. शहरातून रिपोर्ट आला तेव्हा फाटलेली प्लीहा काढून झाली होती. नर्सबाईंनी तो कागद थिएटरच्या दारातून आत दाखवला. सर आतून म्हणाले, "त्यांना कळवा, आम्ही पाहिली."

काल ती उठून बसली. पहिला प्रश्न सुनेला, "माझा हिरडा कुणी गोळा केला?" सून रडत होती आणि म्हणत होती, "समदा केला, एक दाणा न्हाई सोडला." मग माझ्याकडे बोट करून बाई म्हणाली, "ह्योच तो कणगीवाला. माझ्या पोटातलं समदं बघितलंय यानं."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, आरती. वर्षाने असा हसलो.

डॉ. अमृत यांनी काल सगळ्यांना बोलावून नियम केला. अपघाताचा पेशंट टेबलावर असतानाच टेक्निशियनने दोन्ही फेऱ्यांत शीर मोजायची आणि शंका आली तर थेट सर्जनला फोन करायचा, रिपोर्टची वाट पाहायची नाही. लेखी, सहीनिशी. माझी वही त्यांनी मागून घेतली, खोडलेल्या पानांसकट. म्हणाले, "ही बाकीच्या सेंटरवाल्यांनापण शिकवायची आहे. शिकवाल ना?" मी हो म्हणालो. पेढे वाटले गेले. मामीने घरी पुरण घातलं.

हे सगळं तुझं आहे.

पेढा तोंडात असताना मला एका अंगणाची आठवण येत होती, जे मी अजून पाहिलेलं नाही. डॉ. अमृत यांनाही सांगितलं सगळं, गेल्या वर्षीचं. ते म्हणाले, "त्या दिवशी मीही इथे नव्हतो, भाऊ. जा तुम्ही. कुणी काही विचारलं तर मी आहे."

चांगदेवमामा


नागपूर,
३ मे २०२५

मामा!

मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहून मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'प्रेशरला अजून कळलेलं नाही' हे आमच्या खोलीच्या दारावर आता लिहिलेलं आहे.

हे माझं नाही. मी पुस्तकातलं सांगितलं. ती शीर तुम्ही ओळखलीत, भारा तुम्ही ओळखलात आणि फोन तुम्ही उचललात.

वरच्या गावाची एसटी सकाळी किती वाजता असते?

आरती


घोडेगाव,
रविवार, ११ मे २०२५

चि. आरतीस आशीर्वाद.

सव्वासातला असते. काल तिने गेलो.

धरणाच्या कडेकडेने गाडी वर चढली. उतरल्यावर एकाला घर विचारलं, त्याने हात केला. अंगणभर हिरडा वाळत घातलेला. सावळेरामांच्या पत्नी, शीलाबाई, पायाने तो खालीवर करत होत्या. मला पाहून थांबल्या.

"कोण पावणं? हिरड्याचं व्यापारी का?"

"नाही. हॉस्पिटलातला. सावळेरामांचा फोटो मी काढला होता."

"कागदाचं काय ऱ्हायलंय का?"

"कागदाचं नाही, ताई. सांगायचं राहिलंय."

त्यांनी पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच सांगितलं. ती शीर कशी दिसली, मी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत कसा गेलो, त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो आणि परत येऊन बसलो. त्या ऐकत होत्या. पाय हिरड्यात तसाच.

"मंग बोलला का न्हाई?"

"भ्यालो. माझं काम नव्हे म्हटलं."

"वाचलं असतं ते?"

"माहीत नाही. तासभर मिळाला असता."

त्यांनी खाली हिरड्याकडे पाहिलं. "तासाभरात आमी हितनं घोडेगावात जातो," असं म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःशीच. मग एकदम वर बघून म्हणाल्या, "वरीस लागलं तुमाला ह्ये सांगाया?"

"हो."

"आन आता कुणी पडलं तर? तवापण भिणार?"

"नाही. गेल्या महिन्यात एक बाई आली होती. तेव्हा बोललो. ती वाचली."

मी नाव घेतलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कुशाबाई व्हय? ती पलीकडल्या वाडीची? त्यांची सून समद्या डोंगराला सांगत फिरतीया, कणगीवाल्यानं वाचवलं म्हनून. त्यो तुमी?"

मी मान हलवली. त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडल्या की घाम पुसला, मला कळलं नाही. मला बरं वाटेल असं त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी त्यासाठी गेलो नव्हतो.

ओटीवर सावळेरामांचे वडील, सयाजीबाबा, बसले होते. मघापासून आमच्याकडे बघत होते. त्यांनी हाक मारली, "शीला, काय म्हनतोय गं त्यो पावणा?"

शीलाबाई माझ्याकडे वळल्या. "त्यान्ला तुमीच सांगा. मोठ्यानं सांगा. हळू बोललेलं त्यान्ला ऐकू येत न्हाई."

शेजारच्या दोन्ही अंगणांत बाया हिरडा निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. समोरच्या घरातून एक गडी दारात येऊन उभा राहिला. मी ओटीच्या पायरीशी गेलो, बाबांच्या पायांना हात लावला आणि सरळ उभा राहिलो.

आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं.

तुझा,
चांगदेवमामा